उशिराची मूठ

गावातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा, उलटेकाका कोण, ते पोर तुमच्याकडे तोंड करून चार पावलं मागे चालून दाखवेल. बाकी ओळख लागत नाही. काकांना आईबापांनी ठेवलेलं एक नाव असणारच, पण दवाखान्यातली बाईसुद्धा "उलटेकाका, या आत" असाच पुकारा करते आणि वर "सरळ आलात तरी चालेल" म्हणते. एकदा ते खरंच दवाखान्याच्या दारातून पाठीनं आत शिरले होते म्हणतात. पण हे सांगणारी माणसं आमच्या गल्लीतली, म्हणजे निम्मं वजा करून ऐकायचं.

काका दोर वळायचे. यंत्रानं नाही, हातानं. दोर वळायचा तर एका टोकाला मोठं चाक लागतं, चाकाला आकडा लागतो, आणि चाक फिरवायला माणूस लागतं. वळणाऱ्यानं कमरेला तागाची जुडी गुंडाळायची, तिचं टोक आकड्यात अडकवायचं आणि बोटांतून ताग सोडत सोडत मागे चालत जायचं. समोरचा माणूस चाक फिरवतोय, पीळ भरतोय, आणि आपण त्याच्याकडे बघत बघत त्याच्यापासून लांब चाललोय, असा हा धंदा. थांबायचं नाही आणि पुढे तर मुळीच यायचं नाही, कारण दोर ढिला पडला की पीळ बिघडतो. काकांचं सगळं आयुष्य असं पाठीनं गेलं.

कारखाना म्हणजे रस्त्याच्या वरच्या टोकाला असलेली एक लांबच लांब, अरुंद शेड. गाव तिला बोगदा म्हणतं. चाक अगदी दाराशी, आणि तिथून बोगदा आत अंधारात जातो तो पार मागच्या भिंतीपर्यंत. चाकावर काकू असायच्या. इतर नवराबायको तोंडाला तोंड देऊन भांडतात, यांची तऱ्हा निराळी. भांडण चाकापाशी सुरू व्हायचं, आणि काका मागे जाता जाता ऐकू येईनासे व्हायचे. काकू आपलं पुढचं वाक्य राखून ठेवायच्या. दोर पुरा करून काका परत चाकापाशी आले की ते वाक्य तयार असायचं, गरम केलेलं. काका पुन्हा ताग गुंडाळून मागे. त्या जोडप्याचं एकही भांडण एका बैठकीत संपलेलं नाही, म्हणून तर संसार टिकला, असं काकू स्वतःच सांगायच्या.

काका लांब जात तसतशा काकू लहान होत जायच्या. बोगद्याच्या मागच्या भिंतीला पाठ टेकली की काकू दाराच्या उजेडात उभ्या केलेल्या अंगठ्याएवढ्या दिसायच्या. केसांवर, भुवयांवर तागाची पांढरी धूळ.

आता दोराच्या दिवसाचं सांगतो. तो वर्षातून एकदा येतो, त्या दिवशी सगळं गाव सोंगं घेऊन रस्त्यावर उतरतं. खाटीक डॉक्टर होतो, डॉक्टर खाटीक होतो, आणि कुणालाच फारसा फरक जाणवत नाही. उत्सव समितीच्या चिटणिसांनी अलीकडे पत्रकात 'कार्निव्हल' असं छापलंय. त्याच पत्रकात असंही छापलंय की पूर्वजांनी एकतेचं प्रतीक म्हणून ही परंपरा सुरू केली. पूर्वज हे वाचून हसले असते. पूर्वजांना बंदरावरच्या जहाजासाठी एक अवाढव्य दोर पोचवायचा होता आणि बेकरीच्या वळणावर गाडी वळत नव्हती, एवढीच ती गोष्ट. तेव्हा कारखान्यातल्या सगळ्यांनी तो दोर खांद्यावर घेतला आणि रस्त्यानं धक्क्यापर्यंत चालत नेला. दरवर्षी एक असा दोर जायचा. पोरं मागे धावायची. कुणीतरी खांदा सोलवटू नये म्हणून पोतं पांघरलं, कुणी ऊन लागतं म्हणून डोक्यावर टोपली घेतली, एकानं बायकोचा झगा चढवला. आणि एकदा पुरुषानं बायकोचा झगा घालून भररस्त्यात फेरी मारली की त्याचा उत्सव व्हायला कितीसा वेळ लागतो.

जहाजं गेली, मालक गेला, कारखानाही आटोपला. दोर राहिला. अजूनही तो बोगद्यातून निघतो, पुढे ढोल, मग दोराच्या दोन्ही बाजूंनी हात लावून सगळी सोंगं, आणि अगदी शेवटी, दोराचं शेपूट धरून, उलटेकाका. ते तोंड मागे करून चालतात. शेपूट धरणारा असाच चालत आलाय, पहिल्यापासून. त्याच्या मुठीच्या मागे दोराचा हातभर तुकडा मोकळा सोडलेला असतो, त्याला टोकाशी एक फास वळलेला. त्याला उशिराची मूठ म्हणतात. ज्याला घरातून निघायला उशीर झाला, त्यानं धावत येऊन ती धरायची आणि मिरवणुकीत सामील व्हायचं. शेपूटवाला पुढे बघत राहिला तर मागून येणारा दिसणार कसा, म्हणून त्याचं तोंड मागे.

या सगळ्यात एक माणूस कधीच नसायचं. चाकावरचं. जुन्या मालकानं दोर वाहून न्यायला परवानगी दिली होती ती एकाच अटीवर, की चाक थांबता कामा नये. सगळे निघाले तरी एकानं मागे राहून पुढच्या दोराचा पीळ भरत राहायचं. मालक मेला, अट मात्र जिवंत राहिली आणि म्हातारी होता होता भीतीदायक झाली. दोर रस्त्यावर असताना चाक थांबलं तर काहीतरी भयंकर होतं, असं गाव मानतं. काय होतं ते कुणी सांगत नाही. एका वर्षी चाकवालीला शिंकांची उबळ आली, चाक थांबलं आणि पुढे ढोल फाटला म्हणतात. ढोल आधीच फाटलेला होता असंही म्हणतात. तरी धोका कशाला घ्या. म्हणून चाक फिरत राहायचं, रिकामं का होईना, त्याची ती करकर रस्त्यावर ऐकू येत राहायची, आणि काकूंनी लग्न होऊन या गावात आल्यापासून गावाची मिरवणूक एकदाही पाहिली नाही.

पाहिली नाही, पण ऐकली. संध्याकाळी काका परत यायचे, चाकापाशी उपडा डबा घेऊन बसायचे आणि काय काय झालं ते सांगायचे. आता काका कोण, तर दिवसभर मागे तोंड करून चाललेला माणूस. त्यांनी पुढचं काय बघितलं असणार? ते सरळ थापा मारायचे. अस्वलाचं सोंग गटारात पडलं, नवरीच्या दाढीला नवरदेवाचा हार अडकला, ढोलवाल्याला डुलकी लागली तरी हात चालूच. काकू चाकाचा दांडा धरून ऐकायच्या. मध्येच एक डोळा अर्धा मिटून नवऱ्याकडे बघायच्या आणि विचारायच्या, "ढोल तर तेव्हा बेकरीपाशी वाजत होता. मग अस्वल धक्क्यावर कसं नाचलं?" काका पकडले जायचे. तो अर्धा मिटलेला डोळा आठवला की काकांना अजूनही कानामागे गरम वाटतं.

काकूंनी मागितलं असं एकदाच. म्हणाल्या, "अहो, एकदा मलाही धरायचाय दोर." काका म्हणाले, "या वर्षी चाकाला कोण मिळणार? पुढच्या वर्षी बघू." त्यात खोटं काही नव्हतं, खरंच कुणी मिळालं नसतं. पुढच्या वर्षी काकूंनी विचारलं नाही आणि काकांनी विषय काढला नाही. मग काकूंना खोकला लागला. तागाची धूळ छातीत बसते, ती बसली. पुढचा दोराचा दिवस यायच्या आत काकू गेल्या.

त्या वर्षी चाकावर लेक उभी राहिली. काकांची ही एकुलती लेक चष्म्याच्या दुकानात काचा बसवण्याचं काम करते, तोंडानं फटकळ, हातानं नाजूक. तिच्या लग्नाची चिंता गल्लीनं इतकी वाहिली की गल्लीचे खांदे दुखायला लागले, तिचे नाही. आई गेल्यावर दोराच्या दिवशी तिनं सुट्टी काढली, आईचा कामाचा रुमाल डोक्याला बांधला आणि दांडा धरला.

मिरवणूक निघाली. काका शेपूट धरून मागे मागे निघाले. सगळे ढोलाकडे पळालेले, त्यामुळे त्यांच्यासमोरचा रस्ता रिकामा पडत गेला, दारं बंद, फक्त कागदाचे तुकडे उडताहेत. आणि बोगद्याच्या दाराबाहेर कुणीतरी उभं होतं. उभ्या केलेल्या अंगठ्याएवढं. केस पांढरे.

काकांनी पापण्या मिटल्या, उघडल्या. तोवर बेकरीचं वळण आलं आणि दार दिसेनासं झालं.

दुसऱ्या वर्षी ती दारातून निघून शिंप्याच्या दुकानापर्यंत मागे आली. त्यापुढल्या वर्षी शिंप्याच्या पुढे, सार्वजनिक नळापर्यंत. मग औषधाच्या दुकानाच्या पायरीपर्यंत. दर वर्षी थोडी अधिक, आणि वळण आलं की संपलं. एक गोष्ट मात्र बदलली नाही, ती नेहमी अंगठ्याएवढीच दिसायची. काकांनी कुणाला सांगितलं नाही. आमच्या गल्लीत असली गोष्ट सांगणं म्हणजे ती भोंग्यावरून सांगणं, हे त्यांना ठाऊक होतं. पण लक्ष ठेवणाऱ्यांचं लक्ष असतंच. उशिराची मूठ पूर्वी नुसत्या तागाची असायची, हाताला टोचणारी. काकू गेल्यावर काका तिच्यावर मऊ सुती पट्टी गुंडाळायला लागले. काकूंच्या उजव्या तळव्याला दांड्यानं पडलेला घट्टा होता आणि थंडीत तो चिरायचा. कुठलंही पोर ती मूठ धरायला आलं की काका हसून त्याला पुढे पाठवायचे, जा, दोराला धर. मूठ रिकामी ठेवायचे.

यंदा औषधाच्या दुकानाच्या पुढे वळणच होतं. यंदा ती पोचणार, असा त्यांनी मनाशी हिशेब केला. आणि नेमक्या याच वर्षी चिटणिसांच्या डोक्यात गाडी शिरली.

चिटणीस म्हणजे लाँड्रीवाले. माणूस वाईट नाही, फक्त त्यांना सुरकुती दिसली की इस्त्री फिरवावीशी वाटते. नगरपालिकेनं रस्ता झाडायची नवी गाडी घेतली होती, खाली गोल फिरणारा ब्रश, वर नारिंगी दिवा. चिटणिसांनी ठरवलं की ती मिरवणुकीच्या अगदी पाठोपाठ चालवायची. कागद पडला की उचलला. काकांच्या नाकासमोर ब्रश फिरत राहणार आणि मागचा सगळा रस्ता त्या गाडीनं भरून जाणार.

काका लाँड्रीत गेले. सरळ चालत गेले, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजा. धुराचा त्रास होतो म्हणाले. चिटणीस म्हणाले, गाडी बॅटरीवर चालते, धूर नाही. मग काका म्हणाले की आवाजाचा त्रास होतो. चिटणिसांनी ढोलाची आठवण करून दिली. काका तिथेच वाफेत उभे राहिले, चष्मा नसलेले डोळे बारीक करून. म्हातारा माणूस दुकानात नुसता उभा राहिला की गिऱ्हाइकं बघायला लागतात. शेवटी चिटणीस म्हणाले की ठीक आहे, यंदा गाडी वळणाच्या पुढे येऊन मिरवणुकीला मिळेल. पण काका, तुमचे गुडघे आता या कामाचे राहिले नाहीत. पुढच्या वर्षी शेपूट गाडीच्या हुकाला बांधू, तुम्ही गाडीत बसा मानानं.

म्हणजे यंदाच काय ते.

घरी आल्यावर काकांनी लेकीकडे लांबचा चष्मा मागितला. जन्मात कधी मागितला नव्हता. लेकीनं त्यांचे डोळे तपासून घेतले, काचा स्वतः घासल्या, बसवल्या, आणि जेवताना बापाच्या नाकावर चढवत विचारलं की लांबून कुणाला बघायचंय, बेकरीवालीला का? एरवी काकांनी यावर काहीतरी खमंग उत्तर दिलं असतं. त्या दिवशी त्यांनी घास ताटात ठेवला आणि सगळं सांगितलं. दारापासून, शिंप्यापासून, नळापासून.

लेक बराच वेळ बोटानं ताटातलं मीठ गोळा करत राहिली. तिला धक्का बसला होता तो निराळ्याच गोष्टीचा.

"दाराशी चाकावर मी असते, बाबा. तुमचं तोंड तर माझ्याकडेच असतं. मी कधी दिसले?"

"तू आत असतेस."

"आईही आतच असायची."

काकांनी नवा चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. लेक उठली, ताटं उचलली, मोरीपाशी गेली आणि तिथूनच, पाठमोरी, म्हणाली, "आणि ती येतेय म्हणता, तर तुम्ही मागे का जाता? तिनं पोचायचं कसं?"

काका म्हणाले की दोर हातात असताना थांबायचं नसतं, ढिला पडतो. हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की म्हणून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. बाकी कुठल्याही नवऱ्याकडून ही चूक झाली नसती. मेलेली बायको दिसली तर माणूस एक तर तिच्याकडे धावेल, नाही तर किंचाळून पळेल. इतकी वर्षं तिच्याकडे बघत बघत, तिच्याच चालीनं, मध्ये नेमकं तेवढंच अंतर राखून मागे सरकत राहणं हे फक्त दोर वळणाऱ्यालाच जमतं.

दोराचा दिवस उजाडला तो ढगाळ, वारा नसलेला. दुपार कलल्यावर ढोल सुरू झाला. लेकीनं आईचा रुमाल बांधला आणि चाक सुरू केलं. बापाकडे बघितलं नाही, बापानं बघितलं. रुमालाच्या कडेनं तिचे केस सुटले होते, त्यांवर आत्ताच धूळ बसायला लागली होती. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण दोर हातातून ओढ घ्यायला लागला आणि पाय आपसूक मागे निघाले.

दार मागे पडलं. ती निघाली.

नव्या चष्म्यातून ती स्वच्छ दिसत होती. भुवयांवरची धूळ, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, उजवा हात थोडा वाकलेला, अजून दांडा धरल्यासारखा. ती दोराकडे बघत नव्हती. ती काकांकडे बघत होती. शिंप्याचं दुकान गेलं. नळ गेला. पुढे कुठेतरी यंदा अस्वल बनलेला खाटीक लोकांना गुदगुल्या करत होता, हशा येत होता, तो काकांना पाण्याखालून ऐकल्यासारखा वाटत होता. औषधाच्या दुकानाची पायरी आली. काकांच्या टाचेला बेकरीच्या वळणावरचा उंचवटा लागला. आणखी एक पाऊल, की झालं.

काका थांबले.

दोर ताणला गेला. तो ताण काकांच्या मनगटातून निघून पुढे पुढे गेला, हातातून हातात. नवरी मागे खेचली गेली, तिच्यावर नवरदेव आपटला, नवरदेवावर अस्वल, आणि अशी ती धक्काधक्की पार ढोलापर्यंत गेली. ढोलवाल्याचा हात वर गेला तो वरच राहिला. गावाच्या मिरवणुकीच्या इतिहासात, चिटणिसांचा धरा की पूर्वजांचा, दोर मध्येच थांबल्याची नोंद नाही. सगळ्यांनी माना मागे वळवल्या. त्या शांततेत वरून, बोगद्यातून, चाकाची करकर तेवढी ऐकू येत होती.

मग करकरही थांबली.

अस्वलानं डोक्यावरचं सोंग काढून छातीशी धरलं. त्यानं दुसरं काय करावं हे त्याला सुचलं नाही.

काकांना यातलं काहीच कळत नव्हतं, कारण समोर ती मोठी होत होती. अंगठ्याएवढी होती ती हाताएवढी झाली, मग दारात उभ्या माणसाएवढी, मग नळापाशी उभी असलेली बाई, पुरी, पायांसकट. काकांनी उशिराची मूठ पुढे केली. पट्टी गुंडाळलेली, मऊ. मूठ खाली येऊ दिली नाही. ती त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. तिनं मुठीकडे बघितलं. मग काकांकडे बघितलं, एक डोळा अर्धा मिटून. आणि हात न लावताच वळली.

काकांनी तिची पाठ त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितली. आयुष्यभर समोरासमोर काम केलं, तोंडच बघत आले. पाठीवर तागाचे तंतू चिकटले होते, खूप, थरावर थर, कधी कुणी झटकले नसल्यासारखे. ती आल्या वाटेनं परत निघाली.

तेवढ्यात बोगद्याच्या दारातून लेक बाहेर आली. ढोल थांबला हे ऐकून तिला वाटलं, बाप पडला. चाक सोडून धावत सुटली होती. शिंप्याच्या दुकानासमोर दोघी एकमेकींजवळून गेल्या. लेकीला काही दिसलं असावं असं वाटलं नाही. पण अरुंद वाटेवर समोरून कुणी आलं की आपण जसं अंग चोरून वाट देतो, तशी ती किंचित बाजूला झाली, आणि धावत पुढे आली. हे सगळ्या गावानं बघितलंय. यातलं निम्मं वजा करायचं नाही.

"पडलात का?" लेक धापा टाकत म्हणाली, आणि श्वास सावरायला जे हाताला लागलं ते धरून उभी राहिली. ती उशिराची मूठ होती.

वर चाक पुन्हा करकरायला लागलं.

नेहमीची करकर, एका लयीत, एका जागी थोडी अडखळून पुढे जाणारी. अडखळायची ती काकूंचा हात असायचा तेव्हा. लेक फिरवायची तेव्हा ती अडखळत नसे. हा फरक गावाला इतकी वर्षं जाणवला नव्हता, त्या क्षणी जाणवला. चिटणीस गाडीतून उतरून वळणापर्यंत आले होते. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं की चाकावर कोण आहे. लेकीनं बोगद्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं, आणि तिचा चेहरा पांढरा होत गेला.

"मूठ सोडू नकोस," काका म्हणाले. "चल. तिनं चाक धरलंय, दोर ढिला पडायला नको."

त्यांनी एक पाऊल मागे टाकलं. दोर हलला. पुढे ढोलवाल्याचा वर राहिलेला हात आपोआप खाली आला. मिरवणूक निघाली, पण त्या दिवशी धक्क्यापर्यंत कुणी कुणाला गुदगुल्या केल्या नाहीत. लेक मूठ धरून बापासमोर चालत होती, बाप तिच्याकडे तोंड करून मागे चालत होता, आणि ती त्याच्या खांद्यावरून पुढचं सगळं बघत होती, चाकावर उभी राहिल्यापासून पहिल्यांदा. बेकरीचं वळण, मग उतार, मग पाणी. काका तिलाच बघत राहिले. या वेळी अंतर वाढत नव्हतं.

संध्याकाळी दोघं बोगद्यात परत आली तेव्हा चाक थांबलेलं होतं. दांड्याला हात लावून लेकीनं चटकन मागे घेतला, मग पुन्हा ठेवला. काकांनी उपडा डबा तिच्याकडे सरकवला, स्वतः जमिनीवर बसले. लेक डब्यावर बसली आणि चाकाकडे बघून सांगायला लागली, काय काय झालं ते. नवरीची दाढी सांगितली, ढोलवाल्याचा वर राहिलेला हात सांगितला. आणि मग, बापाचीच लेक ती, म्हणाली की अस्वल गटारात पडलं.

चाकाचा दांडा बोटभर हलला. करक.

"पडलं नव्हतं अस्वल," काका म्हणाले. "नीट सांग. तिला कळतं."

चिटणिसांना हल्ली कुणी झाडायच्या गाडीबद्दल विचारलं तर ते इस्त्री खाली ठेवतात आणि म्हणतात, पुढच्या वर्षी बघू.